पाचवं शीड

६ जानेवारी

भावोजी,

फोनवर तुम्ही ‘हो हो, बघू’ म्हणून दोन मिनिटांत ठेवून देता, म्हणून आज कागद घेतला. कागदावर माणसाला पळता येत नाही, आणि पळालाच तर पळताना दिसतो.

मार्चच्या सहलीचं पत्रक तुम्ही सगळ्यांना पाठवलंत, मला सोडून. दातवाल्या डॉक्टरीणबाईंनी मला ते वाचून दाखवलं. वीस तारखेला शुक्रवारी सकाळी सात वाजता तलावाच्या उतारावर जमायचं, होड्या ट्रेलरवरून पाण्यात उतरवायच्या, डोलकाठ्या उभ्या करायच्या, नऊला निघायचं. पहिला मुक्काम वाळूच्या पट्टीवर, दुसरा बेटावर, रविवारी दुपारी परत. होड्या चार: तुमची, मास्तरांची, डॉक्टर नवराबायकोची आणि गॅरेजवाल्याची. टपालात माझं पत्रक हरवलं असेल अशी मी चार दिवस स्वतःची समजूत घातली. आता पुरे झालं.

पाचवी होडी घेऊन मी येणार आहे.

ह्यांची होडी अंगणात ट्रेलरवर उभी आहे. ‘तुम्हाला जमेल का?’ हे कृपा करून विचारू नका. अकरा वर्षं ह्यांच्या पुढ्यात बसून दोर कोण ओढत होतं? गेल्या वर्षी तेवढी मी आले नाही, शाळेचे तंबू शिवायची ऑर्डर अंगावर होती म्हणून. एकच वर्ष आले नाही, हे एकटेच गेले, आणि त्याच वर्षी परत आले नाहीत. बेटाच्या वाटेवर जमिनीचं टोक पाण्यात शिरतं, त्या टोकाच्या खडकाशी मला एकदा जायचंय. माणूस कुठे गेला ती जागा बायकोला माहीत नसावी, हे बरं नव्हे.

होडीचं सगळं सामान माझ्याकडे आहे. फक्त शीड नाही, ते त्या दिवसापासून तुमच्या घरच्या गॅरेजच्या माळ्यावर आहे. तेवढं पाठवा.

धाकट्या जाऊबाईंना सांगा, त्यांच्या गुडघ्याची आठवण काढली म्हणून.

– वहिनी


१४ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पत्रक पाठवलं नाही ते तुम्हाला त्रास होईल म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं.

तुम्ही येऊ नये असं मी म्हणत नाही, पण काही अडचणी आहेत त्या सांगणं माझं काम आहे. ट्रेलर वर्षभर एका जागी उभा आहे. चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलं असणार, ती रस्त्यात जाम झाली तर चाक निखळतं. टायर बाहेरून चांगले दिसतात, पण उन्हात उभे राहून बाजूने चिरतात. होडीखालची फळी खाली-वर होते का बघायला हवं. डोलकाठीच्या तारा गंजल्या असतील. शिवाय मार्चमध्ये वाऱ्याचा भरवसा नसतो, आणि तुमच्यासोबत दोर धरायला कोण? एकटीनं ते झेपणारं नाही. पुढच्या वर्षी बघू, तोपर्यंत मी स्वतः येऊन होडी नीट करून देईन.

शिडाचं बघतो. माळ्यावर सामान फार झालंय, काढायला दोन माणसं लागतील.

हिचा गुडघा तसाच आहे. दुकानात हल्ली सर्दीखोकल्याची गर्दी आहे, उसंत मिळत नाही.

– तुमचा भावोजी


२५ जानेवारी

भावोजी,

तुमची यादी मी स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवली आणि एकेक काम झालं की खोडत गेले. ऐका.

गॅरेजवाला रविवारी येऊन गेला. पोट सांभाळत ट्रेलरखाली शिरला आणि अर्धा तास नुसते त्याचे पाय दिसत होते. बेअरिंगमध्ये पाणी गेलं होतं, तुमचं बरोबर. ती बदलली. टायर चिरलेले होते, तेही बरोबर, तेही बदलले. तारा ठीक आहेत, एकच बदलली. फळी अडकली होती, तिच्या फटीत चिमणीनं घरटं केलं होतं. रिकामं होतं म्हणून काढलं, भरलेलं असतं तर सहल खरोखरच पुढच्या वर्षी ढकलली असती. दोर धरायला माझी भाची येतेय. ती तिच्या कॉलेजच्या संघातून शर्यतीत उतरते, आपल्या सगळ्यांना वळसा घालून जाईल.

आता उरलं शीड. तुमच्या माळ्यावरून शीड काढायला दोन माणसं लागतात! भावोजी, ते घडी घालून उशीएवढं होतं. मी शिवलंय, मला माहीत नाही?

आता हसणं बाजूला ठेवून एक बोलते. हे मी कोणाजवळ बोललेले नाही.

शीड तुम्ही का देत नाही ते मला कळतंय. त्या सहलीच्या आधी बुधवारी ह्यांनी शिडाची कडेची पट्टी बदलायला सांगितली. तंबूंचा ढीग समोर होता. शिडाच्या पट्टीला मी नेहमी नागमोडी तीन टिपा मारते. त्या दिवशी दोनच मारल्या. ह्यांना म्हटलं, आल्यावर तिसरी मारते. शनिवारी तुम्ही हॉस्पिटलच्या व्हरांड्यात म्हणालात, शीड फाटलं होतं. मला पुढचं काही ऐकायची गरजच राहिली नाही.

तेव्हापासून मी यंत्राला हात लावलेला नाही. तुम्हाला सगळ्यांना वाटतं मी दुःखात काम सोडलं. तसं नाही. सुई खाली आली की मला त्या दोन टिपा दिसतात. एकतीस वर्षांचा धंदा, तंबू, ताडपत्र्या, गाड्यांची छपरं, सगळी गिऱ्हाइकं मी दुसरीकडे पाठवली. आता मी लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालते. घडीत काही उसवत नाही.

तुम्ही ते शीड माझ्यापासून लपवता, मला माझीच शिवण बघावी लागू नये म्हणून. एवढं मन राखणारा दीर कोणाला मिळतो? त्याबद्दल तुमचे उपकार मानते. पण आता लपवू नका. फाटलेलं का असेना, मला बघायचंय.

– वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं. एवढं मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला कोणी दोष देत नाही. झालं ते झालं. दादालाही तुम्ही असं कुढत बसलेलं आवडलं नसतं.

यायचंच असेल तर डॉक्टरांच्या होडीत या. त्यांच्याकडे जागा आहे, दोघं भांडतील पण तुम्हाला बघून जरा कमी भांडतील. तुमची होडी ट्रेलरवरच राहू द्या.

सुधारित पत्रक सोबत जोडलंय. स्टोव्ह मास्तर आणतील, पिण्याचं पाणी प्रत्येकानं माणशी बारा लिटर घ्यायचं. एक बदल आहे: यंदा सगळ्यांत पुढची होडी माझी नसेल, मास्तरांची असेल. मी मध्ये कुठेतरी असेन. वय झालं.

शीड नका मागू. त्याचा काही उपयोग नाही.

– भावोजी


१३ फेब्रुवारी

भावोजी,

डॉक्टरांच्या होडीत मी पाहुणी म्हणून जाणार नाही. त्या दोघांच्या मध्ये तीन दिवस बसण्यापेक्षा पोहत येईन.

तुमचं वय माझ्यापेक्षा चार वर्षांनी कमी आहे, तेव्हा वयाचं मला सांगू नका. काल जाऊबाईंचा फोन आला होता. तुम्ही दुकानात गेलेले बघून त्यांनी लावला, त्यांच्यावर रागावू नका. म्हणाल्या, हल्ली घरातून निघताना तुम्ही दारातल्या चपला मोजता. दोनदा, तीनदा. जेवायला बसलं की पानं मोजता. दुकानात एकेक गोळी ट्रेवर सरकवून मोजता, मग परत ओतून पहिल्यापासून, आणि रांगेतले लोक घड्याळाकडे बघत उभे. ‘काय झालंय विचारलं तर घुम्यासारखे बसतात,’ म्हणाल्या, आणि रडल्या.

मग मी तुमची दोन्ही पत्रं परत वाचली. एक गोष्ट खटकली. मी पानभर लिहिलं की माझ्या शिवणीनं माझा नवरा गेला. त्यावर तुम्ही लिहिलंत, कोणी दोष देत नाही. ‘तुमच्या शिवणीनं नाही गेला’ असं काही तुम्ही लिहिलेलं नाही. खोटं का होईना, कोणीही लिहिलं असतं. परका माणूससुद्धा तेवढं म्हणतो.

आणि पुढची होडी मास्तरांना का दिलीत? नऊ वर्षं पुढची होडी तुमची. टोकाच्या पलीकडे जाऊन शीड उतरवायचं, थांबायचं, मागची शिडं मोजायची, पाच भरली की पिवळं फडकं वर करायचं आणि मगच सगळ्यांनी बेटाकडे निघायचं. हा नियम ह्यांनी घातला आणि मोजायचं काम ह्यांनी तुम्हाला दिलं, कारण ‘गोळ्या मोजणारा माणूस आहे, चुकायचा नाही’. पिवळं फडकंही मीच शिवलेलं. ते काम तुम्ही सोडता, आणि घरी चपला मोजता.

मला काही कळत नाही, आणि जे थोडंसं कळतंय ते कळून घ्यायची भीती वाटते.

ह्यांना पाण्यातून मास्तरांनी काढलं. शीड नेमकं कुठे फाटलं होतं ते त्यांना माहीत असणार. मी आजवर त्यांना विचारलं नाही, धीर झाला नाही. आता विचारते. त्यांना लिहिलेलं पत्र या टेबलावर आहे. पुढच्या शनिवारी, एकवीसला, टपालात टाकेन. त्याआधी तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा.

– वहिनी


१८ फेब्रुवारी

वहिनी,

या पत्रासोबत पार्सल आहे. त्यात शीड आहे. पत्र आधी वाचा, मग ते उघडा.

तुमची शिवण उसवलेली नाही. एक टाकाही नाही. शिडाच्या मधोमध लांब काप आहे, तो मास्तरांच्या सुरीचा. दादाच्या पायात दोर गुंतला होता आणि वर ओलं शीड होतं. त्याला काढायला मास्तरांनी ते कापलं. मास्तरांना वाटतं हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही शिवणीचं मनात धरून बसला आहात याची त्यांना कल्पनाच नाही.

आता त्या दिवसाचं. नेहमीसारखा मी पुढे, दादा सगळ्यांत मागे. मागे पडणाऱ्या होडीकडे लक्ष ठेवायला तोच लागायचा. टोक ओलांडून मी शीड उतरवलं आणि थांबलो. मास्तर आले, डॉक्टर आले, गॅरेजवाला आला. माझी धरून चार. आकाश काळं होत होतं, वारा वाढला होता, बेट तासभर लांब. डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, लवकर करा. तेवढ्यात खडकाच्या मागून पांढरं शीड दिसलं. मी म्हणालो, पाच. आणि फडकं वर केलं.

ते शीड दादाचं नव्हतं. पलीकडच्या काठावरची कुठली तरी होडी होती.

इथवर चूक म्हणता येईल. पण वहिनी, फडक्याचा दोर ओढायच्या आधी ते शीड मला वळताना दिसलं. ते दुसऱ्या काठाकडे वळत होतं. माझ्या मनात आलं, दादा तिकडे कशाला वळेल? मला शंका आली होती. थांबून परत बघायला एक मिनिट लागलं असतं. मला लवकर निघायचं होतं, आणि दादाची मला काळजी वाटत नव्हती, कधीच वाटली नव्हती. आम्हा सगळ्यांपेक्षा त्यालाच जास्त येत होतं. मी फडकं वर केलं.

दादा टोकाच्या अलीकडेच उलटला होता. बेटावर नांगर टाकल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘तुमचे दादा कुठेत?’ वाऱ्याविरुद्ध परत यायला दीड तास लागला. तो एकूण अडीच-तीन तास पाण्यात, गारांच्या पावसात होता. लाइफ जॅकेट अंगात होतं, हात होडीच्या कडेवर होता. हॉस्पिटलमधले म्हणाले, गारठ्यानं गेला, बुडून नाही. तासाभरात मिळाला असता तर वाचला असता असंही म्हणाले, ते फक्त मला म्हणाले.

उलटी होडी वाऱ्यानं टोकापलीकडे वाहत आलेली सापडली, म्हणून बाकीच्यांना वाटतं की मोजणी झाल्यावर, टोक ओलांडून तो मागे पडला. फडकं वर गेलं होतं ना. माझ्या मोजण्यावर कोणी शंका घेत नाही.

व्हरांड्यात तुम्ही विचारलंत, काय झालं? मी म्हणालो, शीड फाटलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं, ते कापलेलं शीड. तुम्ही तोंडावर हात नेलात आणि म्हणालात, ‘माझी शिवण.’ तेव्हा मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग तेराव्या दिवसानंतर सांगू म्हटलं. मग सांगायची सोयच उरली नाही.

तुम्ही काम सोडल्याचं कळलं तेव्हा ते दुःखानं सोडलंत असं मीही धरून चाललो. ते सोयीचं होतं. जानेवारीच्या पत्रात तुम्ही माझे उपकार मानलेत, ते पत्र मी दुकानाच्या खणात औषधांच्या चिठ्ठ्यांखाली ठेवलंय. रोज दिसतं. त्यानंतरसुद्धा मी तुम्हाला ‘कोणी दोष देत नाही’ असं लिहिलं. हे मी केलंय.

क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

– भावोजी


२८ फेब्रुवारी

वहिनी,

पार्सल पोचलं का, एवढंच कळवा. हिनं दोनदा फोन केला, तुमची भाची म्हणाली, मावशी ठीक आहे, बोलायचं नाही म्हणते.

सहल रद्द करतो. तसं पत्रक लिहून ठेवलंय. तुमचं उत्तर आलं की टाकेन, नाही आलं तरी टाकेन.

– भावोजी


७ मार्च

भावोजी,

पार्सल वीसलाच पोचलं. पत्र आधी वाचलं, तुम्ही सांगितलंत तसं. शीड मात्र चार दिवस उघडलं नाही.

मग जेवणाच्या खोलीतलं टेबल बाजूला सारून ते जमिनीवर पसरलं. चष्मा लावला, गुडघ्यांवर बसले आणि पट्टीच्या एका टोकापासून सुरुवात केली. टाका न् टाका बोटानं तपासला. दोन टिपा. वारा, पाणी, तीन माणसांची ओढाताण, सगळं सोसून दोन्ही टिपा जशाच्या तशा. एका ठिकाणीसुद्धा दोरा वर आलेला नाही. मी तिथेच शिडावर बसून रडले. ह्यांच्यासाठी रडले, ते वर्षभर चालूच आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या स्वतःसाठी रडले.

मास्तरांचं पत्र मी टाकलं नाही, आता गरज नाही. मात्र मास्तरांना विचारीन म्हटल्यावरच तुमचं पत्र आलं, हे माझ्या लक्षात आहे. तुमच्याही लक्षात असू द्या.

मोजण्याची चूक मी एखादे दिवशी गिळेन. माणूस घाई करतो, मीही त्या बुधवारी केलीच होती. पण त्या व्हरांड्यातला तुमचा गप्पपणा मला गिळता येत नाही. तुम्ही माझं वर्ष घेतलंत. माझे हात घेतलेत. मी रोज सकाळी उठून स्वतःला नवरा मारलेली बाई म्हणत होते, आणि तुम्ही मला बेअरिंगचं सांगत होतात! माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पुढे करीन की नाही तेही ठाऊक नाही.

आता कामाचं.

सहल रद्द करायची नाही. ते पत्रक फाडून टाका.

पुढची होडी तुमचीच राहील. मास्तरांना तसं कळवा. मागं कुठेतरी मध्ये लपायला मिळणार नाही.

शुक्रवारी सकाळी उतारावर, होड्या पाण्यात सोडायच्या आधी, तुम्ही सगळ्यांना सांगायचं. मला सांगितलंत तसंच, वळणाऱ्या शिडासकट. मी शेजारी उभी असेन, पण मदत करणार नाही. जाऊबाईंना मात्र त्याआधी घरी सांगा. त्यांनी चपलांचं कोडं आणखी किती दिवस सोडवायचं?

सुरीचा काप मी शिवला. यंत्रावरची ताडपत्री काढली, तेल घातलं, पहिल्या दहा मिनिटांत सुई मोडली. दुसरी लावली. कापावर तीन टिपा मारल्या. पट्टीच्या दोन टिपा होत्या तशाच ठेवल्यात, तिसरी मारायला मन झालं नाही. लॉन्ड्रीत महिनाअखेरपर्यंत येईन म्हणून सांगितलंय.

उरलेल्या तंबूच्या लाल कापडाचा पाचाचा आकडा कापून शिडाच्या दोन्ही बाजूंना शिवलाय. कमरेएवढा उंच आहे. भाची म्हणते, मावशी, शर्यतीच्या होडीसारखं दिसतं. दिसू दे.

टोकाला मी सगळ्यांत शेवटी येईन, ह्यांच्या जागी. मुद्दाम हळू येईन. खडकाच्या अलीकडे मला थोडं थांबायचंय, किती ते तिथे गेल्यावर ठरेल. वारा वाढला, आकाश काळं झालं, डॉक्टरीणबाई कितीही ओरडल्या, तरी तुम्ही पलीकडे थांबायचं. लाल पाच दिसल्याशिवाय फडकं वर करायचं नाही.

नुसतं पांढरं काही दिसलं, तर ती मी नाही.

– वहिनी